आयुष्मान-महात्मा फुले योजनेवर बाबांचं डायलिसिस : अनेक महिन्यांचा अनुभव

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा खासगी रुग्णालयात, महात्मा फुले जन आरोग्य या सरकारी योजनेतून चालू आहे. मशीनवर बसायचे पैसे आजवर कुणी मागितलेले नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या वाचून कुणी आयुष्मान कार्ड काढायचं टाळू नये.

आमचं रेशनकार्ड पांढरं. २०१२ मध्ये राज्याची ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पुढे दोन्ही जोडल्या गेल्या. आता महाराष्ट्रात पांढऱ्या कार्डालाही कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. किडन्या निकामी झालेल्या माणसाला बाजारातली कुठली पॉलिसी मिळाली असती?

रोजच्या वापरात सगळं आरोग्यमित्रावर, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसावर, अवलंबून असतं. नोंदणी आणि कागद तोच बघतो, मग रुग्णालय पूर्वमंजुरी मागतं. आमचा आरोग्यमित्र तत्पर आहे. मंजुरीची मुदत संपत आली की आधीच फोन करतो. तो रजेवर गेला की मात्र तासन्‌तास ताटकळावं लागतं, आणि शेजारी बसलेला पेशंट पहाटेच्या एसटीने आलेला असतो. त्याच्या तालुक्यात डायलिसिसची सोयच नाही. जिथे रुग्णालय नाही, तिथे विमा असून काय उपयोग?

माझी मोठी तक्रार अशी की योजना खाटेपासून सुरू होते. ओपीडी तीत नाही. निदान होईपर्यंतच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या खिशातून झाल्या. बीपीच्या गोळ्या, हिमोग्लोबिनचं इंजेक्शन, रिक्षाभाडं हा खर्च आजही चालू आहे. डायलिसिस फुकट असूनही महिन्याचं गणित जमत नाही, ते यामुळे.

पहिल्या रुग्णालयाने दाराशी योजनेचा फलक लावला होता, पण आत ‘योजनेच्या खाटा भरल्यात’ हेच उत्तर दर खेपेला मिळालं. चीड आली. तरी नुसत्या डॉक्टरांना शिव्या घालून हे सुटणार नाही. पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराचे, दर सरकार ठरवतं आणि पैसे उशिरा येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी थकबाकीपायीच आयुष्मानची सेवा थांबवली होती. बिलं वेळेवर चुकती करा आणि मग खाट नाकारणाऱ्याला खुशाल यादीतून काढा, असं माझं ठाम मत आहे.

डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हाताची शीर तयार करतात, त्या फिस्टुलाच्या ऑपरेशनला काउंटरवर डिपॉझिट मागितलं, तेव्हा योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार केली. डिपॉझिट न भरता ऑपरेशन झालं. हा नंबर मोबाइलमध्ये ठेवाच.

सध्या किडनीची दाता म्हणून आईच्या तपासण्या चालू आहेत. प्रत्यारोपणासाठी योजनेत साडेचार लाखांची मर्यादा आहे. त्यानंतरची औषधं मात्र जन्मभराची, आणि त्यांचा हिशेब आम्ही आत्तापासून मांडतो आहोत.