तीन पंप गेल्यानंतर : भवानी पेठेतील एका वर्कशॉपचा अनुभव

आमच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली, त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली, आणि कागदोपत्री नाव काहीही असले तरी घरात तिला आजही फियाटच म्हणतात. या गाडीचे चौदा महिन्यांत तीन वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारे पंप, गेले. पहिला गेला तेव्हा तो वयोमानाने गेला असे समजून मी बदलला. दुसरा गेला तेव्हा बाजारातून आणलेला माल हलका निघाला असे मानून गप्प बसलो. तिसरा मात्र साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर गेला आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईला उन्हात रस्त्याच्या कडेला दोन तास थांबावे लागले. त्या दिवशी मी ठरवले की आता चौथा पंप बसवण्याआधी हे पंप जातात तरी का, ते कळलेच पाहिजे.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या एका स्नेह्यांनी मला भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला असलेल्या एका छोट्या वर्कशॉपचा पत्ता दिला. मालकांच्या हाताखाली दोनच माणसे आहेत आणि हातातली कामेच उरकत नाहीत, त्यामुळे नाव कोठेही लिहू नये अशी त्यांची विनंती आहे. ती मी पाळत आहे. दोन लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, भिंतीवर नीट टांगलेली मापाची उपकरणे आणि एका वेळी एकच गाडी मावेल एवढी जागा, असा तेथला पसारा आहे.

मी गाडीचे रडगाणे सांगायला सुरुवात करताच मालक काकांनी मला थांबवले आणि विचारले, "गेलेले तिन्ही पंप आहेत का तुमच्याकडे? मग ते आधी आणा, गाडी नंतर आणा." दोन माळ्यावर होते. तिसरा भंगारात गेला नव्हता हे माझे नशीब. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते तिन्ही पंप वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, प्रेसवर त्यांची बेअरिंगे, म्हणजे ज्यांच्या आधाराने पंपाचा शाफ्ट (दांडा) फिरतो ती, बाहेर काढली आणि ग्राइंडरने त्यांच्या कड्या कापून उघडल्या. पुढचा पाऊण तास जे पाहायला मिळाले, त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

पहिल्या पंपाच्या बेअरिंगची बाहेरची कडी फक्त एका बाजूला, साधारण एक तृतीयांश भागात, झिजून खवल्यासारखी झाली होती आणि उरलेला भाग जवळजवळ नव्यासारखा होता. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याची ओढ नेहमी एकाच दिशेला असते आणि बाहेरची कडी जागची हलत नाही, त्यामुळे पट्टा प्रमाणाबाहेर आवळलेला असेल तर ती नेमकी एकाच बाजूला खाल्ली जाते. मला लगेच आठवले की थंड गाडी सुरू करताना पट्टा किंचाळतो म्हणून एका गॅरेजमध्ये तो चांगला आवळून घेतला होता. या गाडीत बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, पंप आणि पंपाच्या पुलीवर बसवलेला फॅन हे सगळे एकाच पट्ट्यावर चालतात, त्यामुळे डायनॅमोच्या तक्रारीवर केलेला उपाय थेट पंपाच्या मुळावर येतो.

दुसऱ्या पंपाची कहाणी वेगळी होती. त्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी तपकिरी, गंजाळलेला चिखल होता. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. पाणी आत अडवून धरणारे सील झिजल्यावर झिरपणारे पाणी बेअरिंगपर्यंत न पोहोचता त्या भोकातून बाहेर पडावे आणि मालकालाही वेळेवर इशारा मिळावा, एवढ्यासाठीच ते ठेवलेले असते. कोणीतरी ते भोक एम-सीलने बुजवले होते! काकांनी टोकदार सळईने तो राखाडी गोळा खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. जमिनीवर थेंब पडू नयेत म्हणून केलेल्या या उपायाने पाणी आतच कोंडले आणि सहा महिन्यांत ग्रीस धुऊन काढले.

तिसऱ्या पंपाने खरे उत्तर दिले. त्यात बाहेरची कडी सगळीकडून सारखीच घासली गेली होती आणि आतल्या, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणाऱ्या, कडीवर मात्र एकाच जागी गडद डाग उमटला होता. पहिल्या पंपाच्या हे बरोबर उलट होते. याचा अर्थ भार शाफ्टबरोबर फिरत होता, म्हणजे शाफ्टवर बसवलेली एखादी वस्तू एका बाजूला जड होती. काकांनी तेव्हा प्रथमच फॅन मागितला. तो उजेडात धरला तर एका पात्याच्या मागे, टोकाजवळ, पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने लावलेले आणि वरून काळा रंग मारलेला दिसला. पहिला पंप जाण्याच्या थोडे आधी मी एका गॅरेजमध्ये रेडिएटर साफ करून घेतला होता. तेथे तो उतरवताना पाते तडकले असावे आणि मला न सांगता ते सांधले गेले असावे, याखेरीज दुसरे स्पष्टीकरण मला सुचत नाही. ही गोष्ट मला आजही लागते, कारण त्यांनी तेव्हाच सांगितले असते तर मी नवा फॅन आनंदाने घेतला असता.

फॅनचा तोल साधण्यासाठी ठिगळाच्या समोरच्या बाजूला १२ ग्रॅम वजन लावावे लागले. बारा ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते, पण केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर असलेले एवढे वजन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागले की ते शाफ्टला सुमारे १८ किलोच्या जोराने बाहेर खेचते, आणि तेही सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत. असा हिसका बसत असताना कोणते बेअरिंग टिकेल आणि कोणत्या सीलची तोंडे एकमेकांना चिकटून राहतील? अर्थात तोल साधून फॅन चालवून पाहिला तो केवळ निदानाची खात्री करण्यासाठी. ठिगळाचे पाते केव्हाही उडू शकते आणि थेट रेडिएटरमध्ये घुसू शकते, म्हणून काकांनी तो फॅन गाडीवर ठेवायला साफ नकार दिला. जुना पण निर्दोष फॅन मी नाना पेठेत तीन दिवस फिरून मिळवला आणि त्याचाही तोल तपासून घेतला.

नवा पंप न घेता पहिल्या पंपाचीच मूळ बॉडी वापरावी, हा त्यांचा सल्ला मी मानला. तिच्यात नवी बेअरिंगे आणि नवे सील बसवले, पुलीच्या हबला डायल गेज लावून तो डगमगत नाही याची खात्री केली आणि इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, दाबताना त्याचे बॉडीपासूनचे अंतर एक मिलिमीटरच्या आत ठेवले. बाजारातून आणलेल्या दुसऱ्या पंपात हेच अंतर जवळजवळ अडीच मिलिमीटर निघाले होते; असा पंप फिरतो, पण पाणी पुरेसे ढकलत नाही, आणि स्वारगेटच्या कोंडीत तापमानाचा काटा वर का चढायचा हे मला तेव्हा उमगले.

रेडिएटरचे झाकणही त्यांनी बदलायला लावले. त्याची स्प्रिंग मेली होती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण दाब धरत नसेल तर गरम पाण्याचे बुडबुडे आधी पंपाच्या तोंडाशी, जेथे दाब सर्वांत कमी असतो, तेथे धरतात आणि फुटताना इम्पेलरला कुरतडतात. शिवाय सोसायटीच्या बोअरचे पाणी भरणे बंद करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे गंजरोधक नसलेले पाणी दोन धातूंमध्ये हळूहळू खात जाते, आणि त्यातून सुटलेली माती सीलवर कानशीसारखी चालते.

तक्रारी नाहीत असे नाही. चार दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले, मधल्या काळात फोन उचलला गेला नाही, बिल वहीच्या कागदावर आणि एका रकमेत मिळाले. गाडी आणताना पेठेतल्या गल्लीत टेम्पोंच्या मधून वाट काढावी लागते, त्यामुळे सकाळी नऊच्या आत पोहोचणे बरे. ज्यांना गाडी संध्याकाळी परत हवी असते त्यांनी येथे जाऊ नये. फॅनची किंमत वगळून मला ४,६५० रुपये खर्च आला. तीन पंप, दोन वेळा ओढून आणलेली गाडी आणि घाटातला तो दिवस यांचा हिशेब केला तर ही रक्कम मला अगदी वाजवी वाटते.

त्यानंतर गाडी ३,४०० किलोमीटर चालली आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन त्याच खंबाटकीच्या चढाने साताऱ्याला गेलो, घाटमाथ्यावर थांबून बॉनेट उघडले आणि पंपाच्या भोकाखाली बोट फिरवले. बोट कोरडे होते. आईने गाडीतूनच विचारले, "झालं का रे तुझं बघून?"

निघताना काकांनी सांगितले होते की नवा पट्टा ५०० किलोमीटरनंतर थोडा सैल पडतो, तेव्हा एकदा दाखवून जा, मध्ये कोणाला हात लावू देऊ नका. त्याप्रमाणे मी गेलो. त्यांनी दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने पट्टा दाबला, तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबत होता म्हणून डायनॅमोचा बोल्ट सैल करून बेताने ताण दिला, आणि पैसे विचारले तर हाताने नको म्हणून ते लेथकडे वळले.