पिकअपचं नाक वर आणलं: बिल्स्टीन ५१०० शॉकअपचा अनुभव

पिकअप बाजूने बघितली की मागून उचललेली आणि पुढून नाक खाली घातलेली दिसते, जवळपास सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत हे असतं आणि ते मुद्दाम केलेलं असतं. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात, तेव्हा गाडी सपाट यावी म्हणून रिकामी असताना मागची बाजू वर ठेवलेली असते. पण ज्याचा हौदा बहुतेक वेळा रिकामाच असतो आणि कच्च्या रस्त्यावर पुढचा बंपर सगळ्यात आधी घासतो त्याला हा उतार कशाला हवा? मला नको होता, म्हणून पुढचे शॉकअप काढून बिल्स्टीन कंपनीचे ५१०० मॉडेलचे टाकले, स्प्रिंग कंपनीचीच ठेवली, आणि आता भरपूर चालवून झाल्यावर लिहितोय. माझी गाडी फोर व्हील ड्राइव्ह, पुढे डबल विशबोन म्हणजे चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं, आणि कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंगच्या आतून शॉकअप गेलेला, मागे पाटे. टॉर्शन बारवाल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, तिथे बार पिळून उंची वाढवतात, त्यांना यातलं सगळंच लागू होणार नाही.

सगळे पहिलं हेच विचारतात की नुसता स्पेसर का नाही टाकला, स्वस्तात काम झालं असतं. झालं असतं, खरंय. शॉकअपच्या डोक्यावर, जिथे तो चासीला तीन नटांनी बसतो तिथे लोखंडी नाहीतर अॅल्युमिनियमची चकती घालायची, की नाक वर. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मधोमध बसलेला असतो ना, त्यामुळे चकती जेवढी जाड त्याच्या जवळपास दुप्पट उंची चाकाला मिळते, अर्ध्या इंचाच्या चकतीने इंचभर. राइड पण तशीच राहते, कारण शॉकअप आणि स्प्रिंग पहिल्यासारख्याच स्थितीत असतात, फक्त सगळा संच खाली सरकलेला असतो. आणि खरी अडचण तीच आहे. संच खाली सरकला म्हणजे चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं. तिथे वरचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा, टोकाला वाकतो, चाकाला ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो, काही गाड्यांत वरचा आर्म थेट स्प्रिंगला टेकतो. सपाट रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून लोक म्हणतात आमचा स्पेसर मस्त चाललाय. ज्याची गाडी डांबरी रस्ता सोडत नाही आणि फक्त इंचभरच हवाय त्याने चांगल्या प्रतीचा पातळ स्पेसर टाकला तर मी नको म्हणणार नाही, पण खडकाळ वाटेवर चाक लोंबकळणारच असेल तर मला तो पटत नाही.

५१०० मध्ये काम वेगळ्या पद्धतीने होतं. शॉकअपच्या नळीवर खाचा कापलेल्या असतात, त्यातल्या एका खाचेत रिंग बसते आणि तिच्यावर स्प्रिंगची खालची बैठक टेकते. वरची खाच निवडली की बैठक वर जाते, बैठक वर गेली की गाडी वर. किती खाचा आणि कुठल्या खाचेला किती उंची ते गाडीच्या मॉडेलवर असतं, सोबतच्या कागदावर तक्ता दिलेला असतो. शॉकअप पूर्ण ताणला तरी चाक साधारण पूर्वीइतकंच खाली जातं, म्हणजे बॉल जॉइंट आणि शाफ्ट कंपनीच्या हद्दीतच राहतात. माझ्यासाठी खरेदीचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आता एक गैरसमज. बैठक वर केली की स्प्रिंग जास्त दबते, म्हणून कडक होते, असं गॅरेजमध्ये पण छातीठोकपणे सांगतात. गाडी जॅकवर लटकत असताना स्प्रिंग जास्त दबलेली असते हे बरोबर, पण चाकं जमिनीला लागली की स्प्रिंगवर येणारं वजन तेवढंच, मग ती दबणार पण तेवढीच. स्प्रिंग तीच आहे, तिचा कडकपणा बदलायला तिला दुसरं कारणच नाही. बदलतं काय, तर शॉकअपचा दांडा आता जास्त बाहेर आलेला असतो. म्हणजे दबायला जागा वाढली आणि लोंबायला कमी झाली. सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवलेल्या गाड्या स्पीड ब्रेकर उतरताना पुढून ठक्क आवाज करतात तो याच्यामुळे, दांडा वरच्या टोकाला जाऊन आपटतो. त्याला लोक कडक राइड म्हणतात.

म्हणूनच मी वरची खाच घेतली नाही. उतार मोजला तर पुढे-मागे दोन इंचांचा फरक होता, मी पुढून दीड इंच उचलली आणि अर्धा इंच मागे तसाच ठेवला, कारण कधीतरी हौद्यात सामान पडतंच आणि तेव्हा पूर्ण सपाट केलेली गाडी नाक वर करून चालते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि स्टिअरिंग हलकं पडतं. ज्यांना ट्रेलर ओढायचा असतो त्यांनी तर हे नक्की बघा. आणि मोजताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, टायरची हवा कमी-जास्त असली की आकडा चुकतो. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजू, काम करायच्या आधी लिहून ठेवा.

फिटिंग. कोणाला घरी करायचं असेल तर बाकी सगळं जमेल पण स्प्रिंग दाबायचं काम नीट साधन असलेल्या माणसाकडेच द्या. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताकद साठलेली असते आणि साध्या हुकाच्या कॉम्प्रेसरवरून ती सटकली तर हात किंवा तोंड जाईल, यात अतिशयोक्ती नाही. मी संच खोलून गॅरेजला नेला, तिथे भिंतीवरच्या मोठ्या कॉम्प्रेसरवर जुने शॉकअप काढून नवे घातले. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खोबणीला टेकलंय का आणि वरच्या प्लेटचे तीन बोल्ट खालच्या रबरी बुशच्या दिशेशी जुळतात का हे तिथेच उभं राहून बघा, जरा फिरलेलं असेल तर गाडीवर बसवताना भोकं जुळतच नाहीत आणि सगळं परत खोलावं लागतं. बाकी टाय रॉड, स्टॅबिलायझरची लिंक, वरचा बॉल जॉइंट सोडवायचा, एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज क्लिपमधून मोकळा करायचा म्हणजे आर्म खाली गेल्यावर ते ताणत नाहीत.

एक गोष्ट चांगले मेकॅनिक पण सोडून देतात. आर्मच्या बुशचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं खाली टेकवायची, गाडी दोन-चार वेळा दाबून बसवायची आणि मग टॉर्कच्या पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचं. कारण बुशचं रबर बोल्ट आवळला त्या स्थितीला आपली मधली जागा धरतं, लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी उभी असतानाही ते रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, उद्यावर टाकू नका. उंची वाढली की टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, बिघडतो, कॅम्बर पॉझिटिव्हकडे सरकतो म्हणजे चाक वरून बाहेर कलतं, आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे असलेला कल, कमी होतो. टो बिघडलेला टायर खातो ते सगळ्यांना माहीत असतं, पण कॅस्टरकडे लक्ष देत नाहीत आणि मग वेगात गाडी भटकते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, तेव्हा दोष शॉकअपला देतात. माझ्या गाडीत दीड इंचाला कंपनीच्याच अॅडजस्टमेंटमध्ये सगळं मशीनवरच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे मर्यादेत बसलं, कॅस्टर मात्र जेमतेम. अजून अर्धा इंच वर नेली असती तर वेगळा वरचा आर्म घ्यावा लागला असता आणि तो खर्च शॉकअपच्या बजेटमध्ये कोणी धरत नाही. अलाइनमेंटवाल्याला आधीच सांगा की कॅस्टर जितका मिळेल तितका दे, फक्त टो सेट करून बाहेर काढू नको. आणि हेडलाइट खाली करून घ्या, ज्यांच्या गाडीत समोरचा कॅमेरा किंवा रडार आहे त्यांनी त्याचं कॅलिब्रेशन पण विचारा.

राइडचं सांगतो. मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉकअप आहे, ४६ मिमीचा पिस्टन, आत गॅसचा दाब, त्यामुळे कंपनीच्या शॉकअपपेक्षा बांधीव वाटतो. ब्रेक मारला की नाक खाली जायचं ते खूप कमी झालंय, वळणावर अंग टाकत नाही, लांबलचक हेलकाव्यांवर गाडी एकदा दबते आणि थांबते, आधी दोन-तीनदा डोलायची. कच्च्या रस्त्यावर वेग असेल तर फारच छान. पण हळू वेगात बारीक खड्डे, तुटका डांबरी, पेव्हर ब्लॉक, इथे ते थोडं टोचतं, पहिल्या दिवसापासून टोचतंय आणि नंतर मऊ होईल असं मला वाटत नाही, याचा स्वभावच तो आहे. गादीसारखी राइड हवी असेल तर हा शॉकअप घेऊ नका. आणि पुढे लोखंडी बंपर किंवा विंच लावली असेल तर आधी जड स्प्रिंग बघा, कंपनीची स्प्रिंग तेवढं वजन उचलणार नाही आणि वरची खाच निवडून ते लपवलं तर लोंबायला काहीच उरणार नाही.

शाफ्टचे रबरी बूट मी अधूनमधून खाली वाकून बघतो, अजून कुठे चीर नाही, ग्रीस नाही, पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी जोरात पुढे काढली तरी कटकट आवाज नाही. ड्रायव्हरची बाजू मात्र दुसरीपेक्षा किंचित खाली आहे, पण ती आधीच्या मोजमापातही होती, आणि तेवढ्यासाठी त्या बाजूची खाच वेगळी करायला गेलं तर फरक उलट दिशेला जाईल म्हणून सोडून दिलं, डोळ्याला दिसत नाही.

मागचे शॉकअप अजून कंपनीचेच आहेत आणि आता फरक जास्तच कळतो, पुढची बाजू शांत बसते आणि रिकामा हौदा मागे उड्या मारतो. ५१०० मागच्या बाजूलाही मिळतात, तेच घेणार आहे, फक्त उंची वाढवलेल्या गाडीसाठीचे लांब नकोत, मूळ उंचीचेच, कारण मागे मी पाट्यांना हात लावलेला नाही.