ऑगस्टमध्ये मोंटानाच्या नद्यांवर ट्राउटचा गाइड घ्यावा का?

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात फ्लाय फिशिंगचा, म्हणजे किड्याच्या हलक्या नकलेने (फ्लायने) मासे पकडण्याचा, गाइड ठरवताना दराच्या आधी एक गोष्ट विचारा: सकाळी किती वाजता नदीवर असू? 'साडेपाच-सहाला निघू' असं उत्तर आलं तर पुढे बोला. 'नऊला दुकानात या, कॉफी घेऊ, मग निघू' असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा. जूनमध्ये नऊ वाजता निघूनही दिवस छान जातो. ऑगस्टमध्ये नऊ म्हणजे अर्धा दिवस संपलेला असतो आणि पैसे मात्र पूर्ण दिवसाचे गेलेले असतात.

आधी सेवा काय असते ते पाहू. पूर्ण दिवसाच्या फ्लोट ट्रिपला, म्हणजे नावेतून प्रवाहाबरोबर जात मासेमारी करायला, साधारण ६५० ते ८०० डॉलर पडतात. हा दर नावेमागे असतो, माणशी नव्हे, आणि नावेत दोन पाहुणे बसतात. ड्रिफ्ट बोट चौदा ते सोळा फुटांची, दोन्ही टोकांना वर उचललेली असते. मधे गाइड वल्ह्यांवर, एक पाहुणा पुढे, एक मागे. उभं राहून दोर फेकता यावा म्हणून गुडघे टेकवायला आधार दिलेला असतो. रॉड, रीळ, फ्लाय, जेवण, पाणी आणि गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी दरातच येते. लायसन्स येत नाही, टिपही येत नाही. टिप १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे, म्हणजे दोघांत मिळून शंभर ते दीडशे डॉलर. त्यामुळे लायसन्स सोडून खिशातून खरे ७५० ते ९५० जातील असं धरूनच हिशेब करा.

आता वेळेचा एवढा आग्रह का, ते. ट्राउट थंड पाण्याचा मासा. १३ अंश सेल्सिअसच्या आसपास तो सुखात असतो, भरपूर खातो. पाणी तापलं की त्याची दोन्हीकडून कोंडी होते: शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी उरतो. समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशाला ९.१. वेस्ट यलोस्टोन गाव दोन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच कमी, म्हणून हे आकडे आणखी खाली येतात. अशा पाण्यात गळाशी झुंजलेला मासा सोडल्यावर पोहत निघून जातो, आपल्याला बरं वाटतं, आणि तो काही तासांनी तळाशी मरतो.

यासाठी मोंटानाच्या मत्स्य विभागाचा 'हूट आउल' नियम आहे. पाण्याचं कमाल तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ २३ सेल्सिअसला पोचलं की त्या पट्ट्यात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. नावात घुबड आहे, कारण वणव्याच्या दिवसांत लाकूडतोडे पहाटेच्या अंधारात कामाला लागत आणि तेव्हा घुबडं घुमत असत. बंदी मध्यरात्रीपर्यंत का, हाही प्रश्न पडतो. नदी हवेपेक्षा उशिरा तापते आणि उशिरा निवते. तिचा सर्वात गरम काळ चार ते सहाच्या दरम्यान येतो, सर्वात थंड सूर्योदयाच्या सुमारास. संध्याकाळी सातला आपल्याला गार वारा लागतो म्हणून मासाही गारव्यात आहे असं समजणं चूक आहे. खालच्या मॅडिसन नदीच्या वॉर्म स्प्रिंग्सपासून मुखापर्यंतच्या पट्ट्यात तर ही दुपारची बंदी १५ जुलै ते १५ ऑगस्ट दरवर्षी ठरलेलीच असते.

चांगला गाइड सरकारी बंदीची वाट पाहत नाही. त्याच्या जॅकेटला थर्मामीटर लटकलेलं असतं, नाव पाण्यात ढकलण्याआधी तो ते बुडवतो आणि अकरानंतर तासातासाला पुन्हा बघतो. ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस झालं की तो रॉड आवरतो. कटथ्रोट जातीचे ट्राउट असलेल्या पाण्यात त्याच्याही आधी, कारण कटथ्रोटला गरम पाणी रेनबो ट्राउटपेक्षा कमी सोसतं. दुपारी एकला 'आता थांबू या' म्हणणाऱ्या गाइडवर नाराज होणारे पाहुणे असतात. पहाटे पाचला उठलेला तो माणूस तोवर सात तास वल्हवून बसलेला असतो. त्याचे पैसे कापू नयेत, आणि पुढच्या वेळी त्यालाच बोलवावं.

नदीची निवड गाइडवर सोडावी, पण कोणती नदी कशासाठी हे माहीत असलेलं बरं. लिव्हिंग्स्टनजवळची यलोस्टोन नदी ऑगस्टची राणी आहे. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांतली मोठं धरण नसलेली ही सर्वात लांब नदी, आणि तिच्या दोन्ही काठांच्या गवतात नाकतोडे. दुपारचा वारा त्यांना पाण्यात पाडतो आणि मोठे ब्राउन ट्राउट काठाला चिकटून वाट बघतात. पण धरण नाही म्हणून थंड पाण्याची हमीही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये कमी, गरम पाण्यात एका परजीवीच्या रोगाने इथे व्हाइटफिश जातीचे हजारो मासे मेले आणि गार्डिनरपासून लॉरेलपर्यंत १८३ मैल नदी सगळ्यांसाठी बंद करावी लागली होती.

वरची मॅडिसन उथळ, वेगवान, दगडगोट्यांची. एनिसपर्यंतच्या तिच्या वाटेला 'पन्नास मैलांचा खळाळ' म्हणतात आणि ते वर्णन नेमकं आहे: डोह जवळजवळ नाहीतच, सगळी नदी पांढऱ्या दाण्यांनी उसळत जाते. खळाळामुळे पाण्यात हवा मिसळत राहते, वरून धरणाचं पाणी येतं, म्हणून ती खालच्या मॅडिसनपेक्षा उशिरा तापते. एक बारकावा: क्वेक लेकपासून लायन्स ब्रिजपर्यंत नावेतून गळ टाकायला मनाई आहे. नाव लावायची, उतरायचं, पाण्यात उभं राहून टाकायचं. पायांत बळ आणि तोल नसेल तर हा पट्टा मागू नका. गुडघाभर पाणीही तिथे पाय उचलून नेतं.

होल्टर धरणाखालची मिसुरी, क्रेग गावाजवळ, अगदी वेगळी. रुंद, संथ, काचेसारखी. इथे मासे भरपूर, पण चोखंदळ. ऑगस्टमध्ये शेवाळ आणि पाणवनस्पती सुटून वाहू लागतात, पाण्याखालची फ्लाय दर दोन फेकींना साफ करावी लागते. पहिल्यांदा रॉड हातात घेणाऱ्याला ही नदी ऑगस्टमध्ये देऊ नये. उष्णतेची लाट आली असेल तर यलोटेल धरणाखालची बिगहॉर्न सुचवणारा गाइड जाणकार समजा. तिथे तळाचं थंड पाणी येतं. फक्त बोझमनहून गाडीने बरंच पूर्वेला जावं लागतं.

आता प्रत्यक्ष सकाळ. पहिल्या उजेडात यलोस्टोन आणि मॅडिसनवर रात्री बाहेर पडणाऱ्या स्टोनफ्लाय या किड्याची मोठी नक्कल काठाजवळ चालते. मिसुरीवर आठच्या सुमारास ट्रायको नावाचे किडे येतात, डासाहूनही लहान. नर रात्री बाहेर पडतात, माद्या पहाटे, मग हवेत थवा जमतो आणि ऊन चढलं की मेलेले किडे पाण्यावर पसरतात. याला २० ते २२ नंबरची फ्लाय (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान), १२ फुटी लीडर (दोराच्या टोकाचा निमुळता पारदर्शक दोरा) आणि ६एक्स टिपेट (लीडरचं सर्वात बारीक टोक; एक्सचा आकडा मोठा तितकं बारीक) लागतं. इथे लांब फेकीपेक्षा मोजून फेकणं कामाला येतं: मासा ठरावीक तालात तोंड वर काढतो, त्या तालावर फ्लाय त्याच्यापासून एक-दोन फूट प्रवाहाच्या वरच्या बाजूला पडली पाहिजे. दहानंतर नाकतोडा. ८ ते १२ नंबरचा फोमचा नाकतोडा, खाली १८ ते २४ इंच टिपेटवर १६ नंबरची जड मण्याची निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी अळीची नक्कल. मासे नाकतोड्याजवळ येऊन परत जाऊ लागले की गाइडने १६ नंबरची मुंगी बांधावी. ऑगस्टच्या मध्यावर नाकतोड्यांच्या नकला सगळ्या माशांनी पाहिलेल्या असतात, मुंगी मात्र ते सहसा नाकारत नाहीत. दिवसभर एकच गुलाबी नाकतोडा बांधून ठेवणारा गाइड आळशी आहे.

वल्हवण्यातही गुणवत्ता कळते. गाइडचं तोंड प्रवाहाच्या दिशेला असतं आणि तो सतत उलटं वल्हवत नावेचा वेग कमी करत राहतो. नाव आणि फ्लाय एकाच वेगाने गेल्या तर फ्लाय मोकळी तरंगते. नाव पुढे पळाली की दोर ताणतो, फ्लायमागे छोटी रेघ उमटते, मासा पाठ फिरवतो. पाहुण्याने दोर सरळ काठाकडे टाकू नये, ४५ अंशांत पुढे खालच्या बाजूला टाकावा. मागच्यानेही त्याच कोनात टाकावा, नाहीतर दोघांचे दोर एकमेकांत अडकतात आणि सोडवण्यात अर्धा किलोमीटर चांगलं पाणी निघून जातं. फ्लाय काठापासून एका वितीच्या आत पडली पाहिजे. दोन हात लांब पडली तर ती फेक वाया.

नवख्यांचे मासे सुटतात ते बहुतेक घाईमुळे. कटथ्रोट नाकतोडा सावकाश तोंडात घेतो. पाणी फुटलेलं दिसताच हिसका दिला तर फ्लाय त्याच्या तोंडातून बाहेर येते. तोंड मिटून तो खाली वळेपर्यंत थांबायचं, मग रॉड उचलायची. पाण्याखालच्या निम्फला उलट नियम: तरंगणारा नाकतोडा जरासा अडखळला की लगेच उचल. दुसरी अडचण लिव्हिंग्स्टनचा वारा. दुपारी तो इतका सुटतो की लीडरला गाठी पडतात, आणि अशा एका गाठीने ४एक्सची ताकद निम्म्यावर येते. गाठ दिसली की टिपेट बदलून मागा, संकोच करू नका.

मासा लागल्यावर गाइड काय करतो ते नीट बघा, कारण माझ्या मते सगळा दर्जा इथे ठरतो. ऑगस्टमध्ये नाकतोड्याला ३एक्स किंवा ४एक्स टिपेट हवं, म्हणजे मासा मिनिट-दोन मिनिटांत जाळीत येतो. बारीक दोऱ्यावर दहा मिनिटं खेळवण्यात कौतुक नाही. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबलेला असावा. जाळी रबराची, हात ओले, मासा जाळीतच पाण्यात. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर उचलायचा, फार तर पाच-दहा सेकंद, पोटाखाली हात, कल्ल्यांना बोट नाही. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरायचं आणि तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत सोडायचं नाही. पुढेमागे हलवून पाणी पाजणं चुकीचं. कल्ल्यांतून पाणी तोंडाकडूनच आत गेलं पाहिजे. माशाला नावेच्या तळावर आपटू देणाऱ्या किंवा फोटोसाठी तिघांच्या हातांत फिरवणाऱ्या गाइडला परत पैसे देऊ नयेत.

'पकडून सोडायचाच तर एवढे पैसे कशाला?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. बांगडा-सुरमई खाणाऱ्या घरात तर येणारच. मोंटानाने १९७४ पासून नद्यांत हॅचरीत वाढवलेले मासे सोडणं थांबवलं. आज जो ट्राउट लागतो तो बहुतेक वेळा तिथल्याच पाण्यात जन्मलेला असतो. तो सोडला तरच पुढच्या वर्षी तिथे असेल. व्हाइटफिश लागला की तोंड वाकडं करणारेही असतात. तो इथला मूळ रहिवासी आहे, तर ब्राउन युरोपातून आणलेला. व्हाइटफिशलाही तितक्याच सांभाळून सोडणारा गाइड मिळाला तर समाधान वाटतं.

कागदपत्रं: मोंटानाचं लायसन्स आदल्या रात्री ऑनलाइन काढा, पहाटे दुकान उघडं नसतं. गाइडने परवानाधारक आउटफिटरच्या, म्हणजे ट्रिप चालवणाऱ्या व्यावसायिकाच्या, हाताखाली काम करणं कायद्याने बंधनकारक आहे, परवाना विचारायला लाजू नये. यलोस्टोन पार्कच्या आत राज्याचं लायसन्स चालत नाही, पार्कचा वेगळा परवाना लागतो. तिथे शिशाचं वजन आणि उलट्या काट्याचे गळ चालत नाहीत, फेल्टच्या तळव्यांचे बूटही नाहीत.

जेवणात काय हवं ते ट्रिपचं बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर टर्की काढून टाकलेलं सँडविच मिळतं. चीज, हमस, भाज्या असं नावानिशी सांगितलं तर नीट मिळतं. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, तांबूस काचेचे पोलराइज्ड चष्मे, आणि पहाटेसाठी खरंच गरम जॅकेट, कारण सहाला हवा सात-आठ अंश असू शकते आणि दोनला तीस. डास पळवणारं डीट हाताला लावून दोर धरू नका, दोराचं प्लॅस्टिक विरघळतं. वणव्याच्या धुराने ट्रिप रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळते का, हे लेखी घ्या.

तारखा हातात असतील तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळून शेवटचा आठवडा घ्या. रात्री थंड होऊ लागतात, नाकतोडे अजून असतात, दुपारची बंदी बऱ्याच ठिकाणी उठण्याच्या बेतात असते. लहान मुलं बरोबर असतील तर फ्लोटऐवजी अर्ध्या दिवसाची, काठाने चालत करायची ट्रिप मागा, तीही सकाळचीच. आणि एका नदीवरून दुसऱ्या नदीवर त्याच दिवशी जाणार असाल तर मधे बूट घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, म्हणजे एका नदीतले परजीवी दुसरीत जाणार नाहीत. गाइडकडे जास्तीचा कोरडा जोड असेल तर तो मागून घ्या.