जुना पेट्रोल-रॉकेल जनरेटर, वर्षभर वापरून: मशीन चांगलं, स्क्रू दळभद्री

दोन केव्हीएच्या आसपासचा, दोरी ओढून चालू करायचा, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायचा तो जुना जनरेटर. मंडपवाल्यांकडे, जत्रेत, चायनीजच्या गाडीमागे सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे किती वॅट नि किती किलो ते लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक नावावरून भांडतात.

मला लिहायचंय ते कार्ब्युरेटरच्या (इंधन आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) वाटीखालच्या ड्रेन स्क्रूबद्दल. वाटीत साचलेलं इंधन काढून टाकायला हा स्क्रू असतो. या मशीनमध्ये तो नेमका फ्रेमच्या आडव्या पाइपच्या वर आलाय. मध्ये जेमतेम चार बोटं जागा. साधा स्क्रूड्रायव्हर सरळ उभा राहतच नाही, तिरका लावला की खाच झिजते. ज्याने ही फ्रेम आखली त्याने जन्मात कधी वाटी रिकामी केलेली नसणार. आणि या जातीच्या जनरेटरला वाटी रिकामी करता येणं हीच पहिली गरज आहे. का, ते सांगतो.

आमचं घर दापोली तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर इकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. विहिरीला पाणी भरपूर, पंप मात्र मुका. तेव्हापासून जनरेटर डोक्यात होता, पण नव्याची किंमत ऐकली की विषय तिथेच संपायचा. शेवटी खेडच्या बाजूला एका मंडपवाल्याकडे हा जुना मिळाला, अकरा हजारांत. त्याने आमच्यासमोर अर्धी दोरी ओढली आणि मशीन फुर्रकन चालू. बल्ब लावून दाखवला, पंखा लावून दाखवला. पैसे मोजले, टेम्पोत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी दोरी ओढतोय तर काही नाही. चोक (हवा कमी करून इंधन वाढवायची कळ) देऊन, चोक काढून, पुन्हा देऊन. खांदा भरून आला. शेजारचा पोरगा आला, त्याचाही खांदा भरून आला. मंडपवाल्याला फोन केला तर म्हणे, "आमच्याकडे तर चालू होता की, काका." हे खरंच होतं, त्यामुळे भांडायलाही काही मिळेना.

आधी ऑइल बघितलं. अशा बऱ्याच मशीनमध्ये ऑइल कमी झालं की सेन्सर स्पार्कच तोडतो, आणि मशीन उतारावर ठेवलं तरी कधी कधी तसंच होतं. अंगणातून उचलून पडवीच्या कडेला सपाटीवर आणला. ऑइल भरपूर होतं, उलट जरा जास्तच, आणि पातळ. ते तेव्हा लक्षात आलं पण अर्थ लागला नाही. मग स्पार्क प्लग काढला. काळा आणि ओला. कॅप लावून प्लग इंजिनच्या अंगाला टेकवला (टाकीपासून आणि प्लगच्या भोकापासून लांब, हे विसरू नका), दोरी ओढली तर निळा स्पार्क चटचट पडतोय. म्हणजे स्पार्क आहे, इंधनही येतंय, तरी पेटत नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिकडचा इसम मशीन न बघताच म्हणाला, कार्ब्युरेटर असेंब्ली बदलावी लागेल, सहा हजारांच्या पुढे जाईल, शिवाय मॉडेल जुनं आहे, पार्ट आला तर आला. अकरा हजारांच्या मशीनला सहा हजारांचा कार्ब्युरेटर! मी म्हटलं, निदान उघडून तरी बघा. तर म्हणे, उघडायचे वेगळे पैसे, आणि आणून तुम्हीच द्यायचा. बरीच हुज्जत झाली. मी फोन ठेवला.

बाजारात गवत कापायची मशीनं आणि पॉवर टिलर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याने प्लगवरचा ओलावा बोटाला लावला, चोळला आणि बोट माझ्यापुढे धरलं. पेट्रोल असतं तर एव्हाना उडून गेलं असतं. हे तेलकट चकाकत होतं. "काका, वाटीत रॉकेल आहे. मागच्याने रॉकेलवरच बंद केलेला दिसतोय."

तिथे सगळं जुळलं. पेट्रोलची वाफ थंडीतही होते, रॉकेलची थंड इंजिनमध्ये पेटण्याइतकी होत नाही. म्हणून हा जनरेटर पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की कॉक (इंधनाची चावी) रॉकेलवर फिरवायचा, आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणून थोडा वेळ चालवायचा, म्हणजे वाटीत पुढच्या वेळेसाठी पेट्रोल राहतं. मंडपवाल्यांना एवढा वेळ कुठला? कार्यक्रम संपला की बटण बंद. मला दाखवला तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं, आणि तापलेलं इंजिन रॉकेलही पेटवतं. घरी रात्रभर गार झाला, मग कॉक पेट्रोलवर असूनही वाटीत कालचंच रॉकेल.

इलाज काय, तर ड्रेन स्क्रू सैल करून वाटी रिकामी करायची आणि ताजं पेट्रोल येऊ द्यायचं. मिस्त्रीने झिजलेली खाच बघून एक शिवी दिली, खिशातून बुटका स्क्रूड्रायव्हर काढला, निळसर रॉकेल डबड्यात ओतलं, प्लग पुसला, दोरी ओढली. चालू. ऑइलही बदलायला लावलं, कारण न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकला वास घेतला तर रॉकेलचा येत होता. जास्त आणि पातळ का, तेही कळलं. मजुरी साडेतीनशे. तसला बुटका स्क्रूड्रायव्हर सत्तर रुपयांत घेतला, तो आता दोरीने मशीनलाच बांधून ठेवलाय. पाइपला भोक पाडून देतो म्हणजे साधा स्क्रूड्रायव्हर खालून सरळ जाईल, असं मिस्त्री म्हणतो. शंभर मागतो. भोकाला शंभर?

कॉकवरच्या खुणाही पुसलेल्या आहेत. पेट्रोल कुठे, बंद कुठे, काही दिसत नाही. बायकोच्या नेलपॉलिशने लाल टिपका दिलाय पेट्रोलला. कॉकवरची ही तीन अक्षरं कंपनीने पत्र्यात ठोकली असती तर काय बिघडलं असतं?

इथपर्यंतचं पावसाच्या आधी लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी "रॉकेलवर चालतो म्हणून घ्याच" असं वाक्य होतं. ते काढलं. रेशनचं निळं रॉकेल आमच्याकडे बंद होऊन जमाना झाला. बाजारात पांढरं मिळालंच तर भाव पेट्रोलच्या जवळपास, आणि मिळेल याची खात्री नाही. मग कशाला धूर आणि वास सोसायचा? पावसाळाभर नुसत्या पेट्रोलवर चालवला. या इंजिनाचं कॉम्प्रेशन रॉकेलसाठी कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे पेट्रोलवर तो नुसत्या पेट्रोलच्या मशीनपेक्षा जास्त पितो. पण मी सुखी आहे, कारण रॉकेल वर्ज्य केल्यापासून सकाळी पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू होतो.

मध्ये एकदा अडला, गणपतीच्या आधी. चोक दिला की चालू, चोक आत ढकलला की आचके देऊन बंद. रॉकेल नव्हतं, म्हणजे हे दुखणं वेगळं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणात पावसात हवेत दुसरं असतं काय! पेट्रोल महिनोन्‌महिने वाटीत राहिलं की खाली पाणी आणि जेटमध्ये, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक भोकात, चिकट राप. चोक असतानाच चालणं म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. वाटी उघडली तर तळाला पाण्याचा मण्याएवढा थेंब लोळत होता. जेट काढून क्लीनर मारला, वायरीतली एक बारीक तांब्याची तार घातली. सुई घालू नका, भोक मोठं होतं. तेव्हापासून काम झालं की आधी कॉक बंद करतो आणि मशीन आपोआप बंद पडू देतो. वाटी कोरडी राहते, त्या स्क्रूचं तोंडही बघावं लागत नाही.

लोडचं थोडक्यात. अर्ध्या एचपीचा पंप उचलतो. एक एचपीचा लावला की पंप सुरू होतानाच गुदमरतो, कारण त्या क्षणी मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट मागते. फ्रिज चालतो, पण पंप बंद असताना. घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवाच. नाहीतर करंट उलटा लाइनीत जातो आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. आणि पाऊस आहे म्हणून घरात किंवा बंद पडवीत चालवू नका. सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

दहा-अकरा हजारांत हे मशीन वाईट नाही. बघायला जाल तेव्हा दोरीला हात लावायच्या आधी तळहात इंजिनजवळ धरा. ऊब लागली तर चहा प्या, गप्पा मारा, पण पैसे देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा आणि दोरी स्वतः ओढा.