स्लॅब रोलरच्या नावाखाली बेकरीचा शीटर: शाळेचे 2,88,110 रुपये असे गेले

आधी आकडे. शाळेच्या मातीकामाच्या वर्गासाठी कुंभाराची विजेवर चालणारी चार चाकं, दर नग 38,500. मातीची सपाट लादी लाटणारा एक स्लॅब रोलर 62,000. नळीतून माती दाबून हव्या आकारात बाहेर काढणारा, भिंतीवर बसवायचा एक एक्स्ट्रूडर 18,500. बेरीज 2,34,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 42,210, एकूण 2,76,710. त्यातले साठ टक्के, म्हणजे 1,66,026 आगाऊ गेले आणि माल निघण्यापूर्वी उरलेले 1,10,684. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर रोख मोजलेले 11,400 वेगळेच. हाती आलं ते असं: बेकरीत मैदा लाटायचा जुना शीटर, हौशी कामाच्या ताकदीची चार चाकं आणि एक नळी.

आगाऊ घेऊन फोन बंद करणारे सगळ्यांना माहीत आहेत. आम्हाला हे विकणाऱ्या माणसाने फोन बंद केला नाही, माल पाठवला. आणि माल आला, एवढ्याच कारणावर आज सगळी सरकारी खाती हात झटकताहेत.

मातीतलं कळत नव्हतं म्हणून आम्ही फसलो, असं कोणी म्हणू नये. थाळीचा व्यास विचारला होता, बॅट पिनांमधलं (थाळीवर काढता-घालता येणारा पाट बसवायच्या खुंट्यांमधलं) अंतर विचारलं होतं, कमी वेगाला किती किलो माती पेलते हेही. उत्तरं चोख आली: 30 सेंटिमीटर, 10 इंच, 10 किलो, मिनिटाला 0 ते 240 फेरे, 1 एचपी मोटार. सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी कॅटलॉगमधून उचललेलं. जाणकाराला फसवायला जाणकाराचीच भाषा लागते, आणि ती याच्याकडे होती.

शंका यायला हवी होती ती व्हिडिओपाशी. 'पूर्ण पैसे भरण्याआधी मशीन चालवून दाखवा' म्हटल्यावर त्याने छोटा व्हिडिओ पाठवला. करड्या रंगाचा गोळा दोन रोलरांमधून गेला, गुळगुळीत पट्टा बाहेर आला. आता तो थांबवून थांबवून पाहिला की तळपायाची आग मस्तकात जाते. कॅनव्हास कुठेच नाही! ओली माती उघड्या क्रोमच्या रोलरांतून काढली तर रोलरलाच चिकटून वर चढते, म्हणून वर-खाली कापड लागतं आणि कापडाची वीण लादीवर उमटते. इथे वीण नाही. माती दाबली गेली की कडांना बारीक चिरा पडतात. इथे कडा गोल, अखंड. आणि सगळ्यात उघड गोष्ट म्हणजे रोलरमधून सुटताच तो पट्टा बोटभर आखडला. मैद्यात ग्लुटेन असतं, तो आखडतो. ताजी माती जेवढी लाटाल तेवढीच राहते. रंग घातलेली कणीक होती ती. पण देणगीची रक्कम 31 मार्चपूर्वी खर्ची टाकली नाही तर परत जाणार होती, व्हिडिओ मोबाइलच्या पडद्यावर पाहिला गेला, आणि अशा घाईत कणकेचं आखडणं कोणाच्या लक्षात येतं? त्याने मार्च महिना उगाच गाठला नव्हता.

तुम्ही घेणार असाल तर व्हिडिओ मागूच नका, व्हिडिओ कॉल मागा. समोर माती तारेने कापायला लावा, कॅनव्हासमध्ये घालून 6 मिलिमीटरची लादी काढायला लावा आणि डाव्या, उजव्या कडेची जाडी पट्टीने मोजून घ्या. रोलर समांतर नसले तर एक कड जाड येते, आणि ती लादी वाळताना वेडीवाकडी होते. लादी एकाच दिशेने ओढली तरी तेच होतं. दोन फेऱ्यांमध्ये ती 90 अंशांत फिरवून घालता येईल एवढी रुंदी हवी. 60 सेंटिमीटर कबूल होते, आले 50.

आणि शाळेसाठी मोटारवाला रोलर नकोच. हाताच्या चाकाचा घ्या. मुलांची बोटं रोलरांच्या फटीत जायला क्षण पुरतो. हाताच्या यंत्रात ओढणारा हात थांबला की रोलर थांबतो. 'हा शीटर जाळी काढून मातीला वापरा' असा सल्ला त्या माणसाने फोनवर दिला. ती जाळी बोटं वाचवायलाच असते! शिवाय ग्रॉग (भाजलेल्या मातीची भरड) मिसळलेली माती क्रोम खरवडते, खालच्या पात्या खाऊन टाकते, आणि चिखलाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

चाकांचं तर हसावं की रडावं. थाळी 25 सेंटिमीटरची. 10 इंच म्हणजे 25.4 सेंटिमीटर, त्या अंतराच्या पिना या थाळीवर बसणारच कशा? 1 एचपीचा स्टिकर नखाने काढला तर खाली मूळ पट्टी: 250 वॅट. 1 एचपी म्हणजे 746. क्लॅम्प मीटर लावला तर भाराखाली साधारण 1.1 अँपिअर, खऱ्या 1 एचपीला तीनाच्या वर जायला हवं. वेग कमी-जास्त करायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखी सर्किट आहे, ती नुसता व्होल्टेज कापते, त्यामुळे हळू वेगाला जोरच उरत नाही. आणि माती मध्यावर आणताना, भोक उघडताना, काठ ओढताना जोर हळू वेगालाच लागतो. दोन किलोच्या गोळ्यावर तळव्याचा दाब दिला की चाक थांबतं. 10-12 वर्षांच्या मुलाला एक किलो माती पुरते हे खरं, पण शिकवणारा तीन-चार किलो लावतो. पैसे देण्याआधी चार किलो माती ठेवून, कमी वेगावर, दोन्ही तळवे टेकवून पाहा. एवढी एक चाचणी बास.

हो, आणि लोखंडी अंगाच्या चाकाला दोन पिनांचा प्लग. पाणी, ओले हात, मुलं. अर्थिंगशिवाय आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) वर्गात एकही चाक लावू नका, ते कितीही चांगल्या कंपनीचं असो.

एक्स्ट्रूडरची नळी आतून जोडाची. वेल्डिंगची रेघ घासलेली नाही, दट्ट्या तिथे अडतो. घासून मोकळा केला तर बाजूने माती वर येते. डायची (मातीला आकार देणाऱ्या भोकाची) पत्री इतकी पातळ की घट्ट मातीला फुगते. नळी आतून हात फिरवून बघावी. साधं लोखंड गंजतं आणि पांढऱ्या मातीत डाग सोडतं. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस मागा. अर्ध्या विटेच्या भिंतीला नुसते अँकर ठोकू नका, लांब दांड्याचा झटका ते उपटून काढतो. आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी.

आता कागद. प्रोफॉर्मावर, म्हणजे पैसे भरण्याआधी आलेल्या कच्च्या बिलावर, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक) होता 8438. हा खाद्यपदार्थ तयार करायच्या यंत्रांचा, बेकरीची यंत्रं यातच येतात. सिरॅमिकची माती घडवायच्या यंत्रांचा 8474. हिशेबनिसाने टक्के पाहिले, बेरीज पाहिली; कोड कोण वाचतं? तुम्ही वाचा. कारखाना उत्तर प्रदेशात 'खुर्ज्याला' होता, पण जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. उत्तर प्रदेशचा 09, आपला 27. क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर नोंदणी रद्द. म्हणजे 42,210 रुपये कराच्या नावाने त्याच्याच खिशात. खातं कंपनीच्या नावाने नव्हतं, एका व्यक्तीच्या. 'प्रोप्रायटरशिप आहे' म्हणाला, आणि तसं असतंही. खुर्ज्यात नीट काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांना यात ओढू नये.

मालाबरोबरचं बिल मात्र 48,900 चं: 'शीटर 1, मोटार संच 4, फिटिंग 1'. परराज्यातून 50,000 च्या वरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं, म्हणून आकडा खाली. पण त्याचा दुसरा उपयोग पोलीस ठाण्यात गेल्यावर कळला. 'बिलात शीटर लिहिलंय, शीटर आलाय, मग फसवणूक कुठे?' प्रोफॉर्मा दाखवला, चॅट दाखवलं, 2,76,710 च्या बँकनोंदी दाखवल्या. 'ही दिवाणी बाब आहे. आणि आरोपी परराज्यातला, तिकडे जा.' भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक म्हणून हेच तर लिहिलंय, आणि हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं. हे ऐकवलं की चेहरे बदलतात, नोंद होत नाही. सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर त्यांनी विचारलं: माल मिळाला का? मिळाला. मग हे सायबर नाही. बँक म्हणते तुम्हीच पाठवले. जीएसटीवाले म्हणतात कर बुडाला तर आम्ही बघू, तुमची वसुली आमचं काम नाही. आणि ज्या कार्यालयाने मदतीचं पत्र द्यायला हवं, त्याने उलट आम्हालाच खुलासा मागितला: तीन कोटेशनं का घेतली नाहीत? घेतली होती. बाकीची दोन महाग होती, आणि आता ती महाग का होती तेही समजतं. लेखापरीक्षणात शेरा आमच्यावर. चोराचा जीएसटी क्रमांक रद्द झाला हे एका सरकारी संगणकाला माहीत, तरी त्याची पावती शाळेने का स्वीकारली, हे दुसऱ्या सरकारी टेबलाने विचारायचं!

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, खुर्जा-दिल्ली गाठावी लागत नाही. अडचण वेगळीच. शाळा चालवणारा न्यास असेल तर 'न्यास हा ग्राहक आहे का' हा मुद्दा पहिल्याच तारखेला निघतो, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुन्या कायद्याखाली नाही म्हटलं होतं. संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली असेल तर तक्रार त्या नावाने टाका. वकिलाला हे आधी विचारा, फी नंतर.

ट्रान्सपोर्टवाला 'आधी सही, मग पेटी' म्हणेल. पावतीवर 'पेटी न उघडता ताब्यात घेतली' असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा, पेटी फोडताना सलग व्हिडिओ काढा, आणि मोटारीवरचा स्टिकर कॅमेऱ्यासमोर सोला.