वाहनातला हॅम रेडिओ: चॅनेल हाताने भरावेत की संगणकावरून?

वाहनात बसवायचा हॅम रेडिओ, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांचा बिनतारी संच, खोक्यातून बाहेर निघाला की दोन कामे समोर येतात: त्यात रिपीटर (आपला संदेश पकडून तो पुढे दूरवर पाठवणारी केंद्रे) आणि इतर चॅनेल भरणे, आणि तो संच गाडीत पक्का जोडणे. दोन्ही कामांना एकाहून अधिक वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेचे पुरस्कर्ते आपापल्या बाजूने ठाम असतात. निवड करताना मी एकच कसोटी लावतो. घरी टेबलाशी निवांत बसून जे करता येते ते तिथेच पुरे करावे, आणि रस्त्याच्या कडेला, संगणक जवळ नसताना जे करण्याची वेळ येऊ शकते ते हाताच्या सवयीचे असावे. खालची तुलना १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या, साधारण ५० वॅटच्या ॲनालॉग एफएम संचाची आहे, आणि परवाना मिळालेला आहे असे गृहीत धरले आहे.

चॅनेल भरणे म्हणजे नेमके काय काय भरणे, हे आधी स्पष्ट असलेले बरे. एका रिपीटरसाठी किमान चार गोष्टी लागतात: आपण ऐकणार ती फ्रिक्वेन्सी, प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी तिच्यापासून किती दूर आहे तो फरक, तो फरक वर आहे की खाली, आणि रिपीटर उघडण्यासाठी पाठवायचा टोन. दोन मीटरच्या, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यावर हा फरक बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असतो. सत्तर सेंटिमीटरच्या, म्हणजे ४३० मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यावर मात्र देशागणिक बदलतो, कुठे ५ मेगाहर्ट्झ, कुठे ७.६, तर कुठे १.६. टोन म्हणजे आवाजाखाली सतत पाठवला जाणारा ६७.० ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा एक मंद सूर. यांतली एक गोष्ट जरी चुकली तरी संच तक्रार करत नाही. तो निमूटपणे प्रक्षेपण करतो, आणि पलीकडे कुणालाही काहीच ऐकू जात नाही. म्हणून भरण्याच्या दोन पद्धतींची तुलना वेगापेक्षा चूक कुठे होते आणि ती किती लवकर सापडते, यावर करायला हवी.

हाताने भरण्याची पद्धत बहुतेक संचांवर सारखीच असते, फक्त बटणांची नावे बदलतात. संच व्हीएफओवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी हवी तशी बदलता येते त्या स्थितीत, घ्यायचा, माइकवरच्या आकड्यांनी किंवा मोठ्या खुंटीने फ्रिक्वेन्सी आणायची, मेनूत जाऊन फरक आणि दिशा ठरवायची, टोन चालू करून त्याचा आकडा निवडायचा, मग मेमरीचे बटण दाबून धरायचे, रिकाम्या चॅनेलचा क्रमांक लुकलुकू लागला की पुन्हा दाबायचे. सरावलेल्या हाताला एका रिपीटरसाठी दोन मिनिटे पुरतात. नाव द्यायचे असेल तर प्रत्येक अक्षरासाठी खुंटी फिरवावी लागते आणि तिथे मात्र धीर सुटतो. या पद्धतीचा मोठा गुण असा की प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर ठरते. पडद्यावर उणे किंवा अधिक चिन्ह आले, टोनचे चिन्ह उमटले, तर ते तिथल्या तिथे दिसते. लगेच पीटीटी (बोलताना दाबून धरायचे माइकवरचे बटण) दाबून कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे आपले ओळखनाव, दिला आणि बटण सोडल्यावर रिपीटरची शेपटी, म्हणजे त्याचे क्षणभर चालू राहिलेले प्रक्षेपण, ऐकू आली की काम फत्ते. दोष असा की ही मेहनत साठत नाही. साठ चॅनेल हाताने भरले आणि रीसेट करण्याची वेळ आली, तर साठही पुन्हा भरावे लागतात.

संगणकाच्या वाटेवर दोन उपवाटा आहेत: निर्मात्याचा स्वतःचा प्रोग्राम, किंवा चर्प हा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम. चर्प विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि अनेक कंपन्यांचे संच त्याला कळतात. त्यामुळे पुढे संच बदलला तरी जुनी यादी नव्या संचाच्या तक्त्यात आणता येते. निर्मात्याच्या प्रोग्रामात हे सहसा जमत नाही, पण संचाच्या मेनूतली बारीकसारीक प्रत्येक सोय तिथे हमखास असते. पडद्याची उजळण, बटणांची कामे, स्वतःहून बंद होण्याची वेळ असे सगळे. मला चॅनेलांची यादी वर्षानुवर्षे टिकणे जास्त मोलाचे वाटते, म्हणून माझा कल चर्पकडे आहे. ज्याच्याकडे एकच संच आहे आणि तोच पुढची दहा वर्षे वापरायचा आहे, त्याने निर्मात्याचा प्रोग्राम घेतला तरी काही बिघडत नाही.

चर्पमध्ये काम करताना क्रम सोडू नये. आधी संचातले जसेच्या तसे वाचून घ्यायचे, ती फाइल तारखेसह वेगळी जपून ठेवायची, मग तिच्या प्रतीत बदल करायचे, आणि ती प्रत संचात परत पाठवायची. दुसऱ्याच्या संचाची फाइल सरळ आपल्या संचात पाठवू नये, मॉडेल एकच असले तरीही. आतल्या फर्मवेअरच्या, म्हणजे संचातल्या मूळ प्रोग्रामच्या, आवृत्त्या वेगळ्या असू शकतात. दुसऱ्याची यादी हवी असेल तर तिच्यातल्या ओळी आपल्या फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात.

संगणकावर चूक कुठे होते हे एका उदाहरणाने सांगतो, कारण ती माझ्या हातून झाली आहे. चर्पच्या तक्त्यात टोनसाठी शेजारी शेजारी दोन रकाने असतात: एक पाठवायच्या टोनचा, दुसरा टोन स्क्वेल्चचा, म्हणजे ऐकताना ज्या टोनची वाट पाहायची त्याचा. दोन्हींत आधीपासून ८८.५ हा आकडा असतो. कोणता रकाना लागू होणार हे त्यांच्या अलीकडचा टोन मोडचा रकाना ठरवतो. मी मोडमध्ये फक्त टोन पाठवण्याचा पर्याय निवडला आणि १२३.० हा आकडा मात्र स्क्वेल्चच्या रकान्यात लिहिला. तक्ता पाहताना ओळीत १२३.० दिसत होते, त्यामुळे शंका आली नाही. संच पाठवत होता ८८.५. गाडीत बसून मी अर्धा तास अँटेनाची जोडणी तपासली, केबल हलवून पाहिली, आणि शेवटी पडद्यावर मेनू उघडून टोनचा आकडा वाचला तेव्हा उलगडा झाला. मेनू कुठे आहे हे हाताला माहीत होते म्हणूनच तो सापडला, नाहीतर घरी परतून संगणक उघडेपर्यंत गाडीतला संच मुकाच राहिला असता.

केबलबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक तिथेच होते. प्रोग्रामिंगच्या केबलमध्ये यूएसबीचे सिरियल करणारी एक चिप असते. माझ्या पहिल्या स्वस्त केबलमध्ये एका प्रसिद्ध चिपची नक्कल होती, आणि विंडोजने स्वतःहून बसवलेला त्या चिपचा नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून काम नाकारत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि कोड १० दिसत होता, मी मात्र संचाला दोष देत होतो. जुना ड्रायव्हर हाताने बसवल्यावर तीच केबल चालली. एफटीडीआय या कंपनीची खरी चिप असलेली केबल थोडी महाग पडली तरी हा त्रास वाचतो. आणखी एक गोष्ट: केबल दिसायला सारखी असली तरी संचाच्या कुठल्या खाचेत लावायची हे मॉडेलप्रमाणे बदलते. काही संचांत माइकच्या जागी, काहींत मागच्या डेटा किंवा स्पीकरच्या खाचेत ती जाते. पुस्तिकेतले ते पान वाचल्याशिवाय केबल मागवू नये.

मग निवड कशी करावी? दहापर्यंत चॅनेल असतील आणि ते क्वचितच बदलणार असतील, तर केबलवर पैसे घालू नयेत; एका संध्याकाळी हाताने भरून होतात आणि संचाशी ओळखही होते. वीस-पंचवीसच्या पुढे गेलात, लांबच्या प्रवासात वेगवेगळ्या भागांतले रिपीटर हवे असतील, किंवा घरात दुसराही संच असेल, तर संगणकच योग्य. केनवुडच्या टीएम-व्ही७१ सारख्या संचात १००० मेमरी असतात. त्या हाताने भरण्याचा विचार कुणी करू नये. पण संगणकाची वाट धरणाऱ्यानेही पहिला रिपीटर हातानेच भरावा, असा माझा आग्रह आहे. वाटेत एखाद्या ठिकाणी रिपीटरचा टोन बदललेला निघाला, तर तो बदलणे, आणि रिव्हर्सचे बटण (ऐकण्याची आणि पाठवण्याची फ्रिक्वेन्सी अदलाबदल करणारे) दाबून समोरचा माणूस रिपीटरशिवाय थेट ऐकू येतो का हे पाहणे, या दोन गोष्टी तरी पुस्तिकेशिवाय जमल्याच पाहिजेत. अर्थात गाडी थांबवून. धावत्या गाडीत मेनू उघडू नये.

डिजिटल, विशेषतः डीएमआर या डिजिटल पद्धतीचा संच घेतला असेल तर ही तुलना जवळपास संपते. कलर कोड (टोनसारखा रिपीटरचा क्रमांक), टाइमस्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीचे वेळेनुसार पाडलेले भाग), टॉकग्रुप (बोलणाऱ्यांचे गट) आणि सात आकडी ओळख क्रमांक हे सारे हाताने भरणे व्यवहार्य नाही. तिथे सहसा निर्मात्याचा प्रोग्रामच लागतो.

आता जोडणी. विजेच्या बाबतीत पर्याय दोन: गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून घेणे, किंवा बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणणे. पूर्ण शक्तीवर ५० वॅटचा संच १० ते १५ अँपिअर ओढतो. सॉकेटचा फ्यूज बहुधा तेवढ्याच मर्यादेचा असतो आणि त्यामागची वायर बारीक असते, म्हणून सॉकेट ५-१० वॅटच्या वापरापुरते ठीक, कायमचे नाही. वायरची जाडी किती महत्त्वाची आहे ते साध्या गणिताने दिसते. बॅटरीपासून संच ४ मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन ८ मीटर तांब्यातून वाहते. १.५ चौरस मिलिमीटर वायरीत १३ अँपिअरला सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच जातात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.४५ व्होल्ट. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टवर असते, त्यातून १.२ गेले की पीटीटी दाबताच संच बंद पडून पुन्हा सुरू होण्याचे प्रकार होतात. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ बसवावा. संचाजवळचा फ्यूज संचाला वाचवतो, पण मधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर आगीपासून वाचवत नाही. ऋण टोकाचे एक पथ्य नव्या गाड्यांना लागू आहे: बॅटरीच्या ऋण टोकावर विजेचा हिशेब ठेवणारा सेन्सर असेल, तर वायर थेट त्या टोकाला न लावता, बॅटरी जिथे चॅसिसला जोडलेली आहे तिथे लावावी, म्हणजे सेन्सरचा हिशेब चुकत नाही.

अँटेनासाठी चुंबकी तळ की टपाला भोक पाडून बसवलेला तळ, हा वाद जुना आहे. व्हीएचएफ आणि यूएचएफवर, म्हणजे आपल्या या दोन पट्ट्यांवर, पोलादी टपाच्या मध्यभागी ठेवलेला चुंबकी तळ कामगिरीत फारसा कमी पडत नाही. टपच त्याची जमीन, म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग, होतो आणि १४६ मेगाहर्ट्झला साधारण ४९ सेंटिमीटर लांबीची पाव तरंगाची काडीही चांगले काम देते. गाडी भाड्याची, उसनी किंवा लवकर विकायची असेल तर चुंबकच घ्यावा. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या टपावर तो निरुपयोगी आहे. चुंबकाखाली धूळ अडकून रंगावर ओरखडे पडतात, आणि केबल दारातून आत घेताना रबराखाली रोज चेपली जाते. एनएमओ तळासाठी, म्हणजे टपात पक्क्या बसणाऱ्या प्रचलित तळासाठी, १९ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. हात धजावत नाही हे समजण्यासारखे आहे, पण केबल आतून जाते, पाणी शिरत नाही आणि दहा वर्षे त्याकडे पाहावे लागत नाही. गाडी आपली आणि बराच काळ ठेवायची असेल, तर मी भोकाच्या बाजूने आहे. केबल मात्र दोन्ही बाबतीत गरजेपुरतीच ठेवावी. ५ मीटर आरजी-५८ ही बारीक अँटेना केबल ४४० मेगाहर्ट्झला जवळपास एक तृतीयांश शक्ती खाऊन टाकते. जादा केबलची गुंडाळी आसनाखाली ठेवण्यापेक्षा ती कापून कनेक्टर नव्याने लावणे चांगले.

सगळे जोडून झाल्यावर संच सर्वांत कमी शक्तीवर ठेवावा, गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, दारे बंद करून एसडब्ल्यूआर मीटरने (अँटेनाकडे पाठवलेली किती शक्ती परत फिरते हे दाखवणारे यंत्र) पट्ट्याचे खालचे टोक, मध्य आणि वरचे टोक मोजावे. मोजताना फ्रिक्वेन्सी कुणी वापरत नाही ना हे आधी ऐकावे आणि कॉलसाइन द्यावा. १.५ च्या आत आकडा असेल तर काडीला हात लावू नये. खालच्या टोकाला आकडा जास्त असेल तर काडी आखूड आहे. वरच्या टोकाला जास्त असेल तर लांब आहे, आणि तेव्हा एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापावी. त्यानंतर शक्ती वाढवून, प्रक्षेपण चालू असताना संचाच्या मागच्या टोकाशी व्होल्ट मोजावेत.