पाण्याखालची हवेची पिशवी: आयडिया झकास, पण प्रवाहाचं काय?

जादा वीज असेल तेव्हा काँप्रेसरने हवा दाबून समुद्रतळावरच्या पिशवीत भरायची आणि गरज पडली की तीच हवा सोडून टर्बाइन फिरवायचं, एवढंच हे प्रॉडक्ट. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे दाब पाणीच देतं, दर 10 मीटरला साधारण 1 बार (म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका), त्यामुळे जाड स्टीलची टाकी लागत नाही आणि पिशवी रिकामी होत आली तरी दाब जवळपास तेवढाच राहतो! जमिनीवरच्या टाकीत हे सुख नाही.

पण खरी परीक्षा अँकरिंगची, म्हणजे पिशवी पट्ट्यांनी तळाशी बांधून ठेवण्याची. 1 घनमीटर हवेला पाणी जवळपास 1 टनाने वर ढकलतं, म्हणजे तेवढं वजन तळाशी हवंच, आणि त्यात आडवा प्रवाह आला की वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. शिवाय पिशवीमागे भोवरे आलटून पालटून सुटतात, ती डावी-उजवीकडे हलत राहते, पट्टे घासतात, वजनाखालची वाळूही वाहून जाते. अर्धी भरलेली पिशवी तर सगळ्यात नाजूक, सैल कापड फडफडतं आणि घडीवरच झिजतं.

कॅनडात टोरांटोजवळ हायड्रोस्टॉर या कंपनीने 2015 मध्ये ऑन्टारिओ सरोवरात सुमारे 55 मीटर खोल हे करून दाखवलं, भारीच काम, पण सरोवर म्हणजे भरती-ओहोटीचा समुद्र नव्हे. माझ्याकडून 5 पैकी 3.5 स्टार. घेणाऱ्याने आधी त्या जागेच्या तळाजवळच्या प्रवाहाचं वर्षभराचं मोजमाप मागावं, नुसत्या पृष्ठभागाच्या आकड्यांवर जाऊ नये.